शाखा काढायची म्हणजे नेमकं काय काढायचं?

या वेळी टपालात आणि मेलमध्ये पुनर्वसन समुपदेशकांची, म्हणजे दिव्यांग माणसाला काम आणि रोजचं जगणं उभं करायला मदत करणाऱ्यांची, पत्रं जरा जास्तच आली, त्यांच्या देशपातळीवरच्या संघटनेने राज्याराज्यांत चॅप्टर, म्हणजे शाखा, काढा असं कळवलंय त्याचा परिणाम. त्यातली चार आणि एका आईचं पत्र घेतलंय. मी स्वतः या कामात तीस वर्षं काढलीत, तेव्हा काही ठिकाणी जुनं दुखणं बोलतंय असं वाटलं तर तसं ते आहेच, समजून घ्या.

प्रश्न : ताई, मी कोथरूडला राहते, रिहॅबिलिटेशन काउन्सेलर आहे. आम्ही पुण्यातले ११ जण एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहोत आणि महाराष्ट्र चॅप्टर काढायचं ठरवलंय. सगळे उत्साही आहेत, लेटरहेडचं डिझाइनपण झालंय, पण पुढे काय ते कोणालाच माहीत नाही. संस्था रजिस्टर करायची का? का दिल्लीहून पत्र आलं की झालं? अध्यक्ष कोण यावरून आत्ताच थोडी कुरबुर सुरू झालीय.

लेटरहेड झालं आणि अध्यक्षपदावरून कुरबुर सुरू झाली, म्हणजे पुण्याच्या हिशेबाने शाखा स्थापन झालीच की!

चेष्टा सोडा. आधी एक गोष्ट ग्रुपवर सगळ्यांनी मिळून ठरवा, की हे चॅप्टर नक्की कशासाठी हवंय. वरून पत्र आलं म्हणून, हे उत्तर चालणार नाही. माझ्या मते राज्याच्या शाखेची खरी गरज आहे आणि ती का आहे ते सांगते. आपली नोंदणी होते भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, १९९२ च्या कायद्याने, आणि रजिस्टर एकच, केंद्राचं. डॉक्टरांना जशी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आहे तशी आपल्याला राज्याची कौन्सिल नाही, त्या कायद्यात तशी सोयच नाही. पण घटनेच्या सातव्या अनुसूचीत बघा, राज्यसूचीतली ९ वी नोंद, दिव्यांगांना साहाय्य हा विषय राज्याचा आहे. म्हणजे बघा कशी गंमत आहे, आपल्याला नंबर देणारे दिल्लीत, आणि आपलं रोजचं काम ज्यांच्याशी पडतं, म्हणजे विशेष शाळांचं अनुदान, कार्यशाळा, प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटल, राज्य सल्लागार मंडळ, दिव्यांग आयुक्त, ते सगळे राज्याचे. आणि आयुक्तालय तर आपल्या पुण्यातच आहे. २०२२ च्या डिसेंबरात राज्याने दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभागसुद्धा काढला. या सगळ्यांपुढे समुपदेशकांच्या वतीने बोलायला कोणीतरी हवं, आणि दिल्लीतली संघटना प्रत्येक जीआरवर हरकत घ्यायला इथे येणार नाही. हे काम राज्याच्या शाखेचं.

आता कागदपत्रं. दोन रस्ते आहेत आणि लोक ते हटकून एकमेकांत मिसळतात.

पहिला रस्ता, मूळ संघटनेची नुसती शाखा. तिला वेगळं कायदेशीर अस्तित्व नसतं. संघटनेच्या घटनेत शाखांचं कलम आहे का ते आधी वाचा (ग्रुपवरच्या ११ जणांपैकी घटना कोणी वाचलीय हे विचारा, मला उत्तर माहीत आहे). कलम असेल तर त्यात लिहिलेले तेवढे सभासद जमवायचे, त्यांच्या सह्यांचं पत्र द्यायचं, केंद्रीय कार्यकारिणी ठराव करते, मान्यतेचं पत्र येतं. बँक खातं मूळ संघटनेच्याच पॅनवर, तिच्याच ठरावाने उघडायचं, आणि वर्षाअखेर हिशेब त्यांच्या ऑडिटरकडे पाठवायचा. कलम नसेल तर आधी त्यांना घटनादुरुस्ती करायला लावा, नाहीतर तुमची शाखा म्हणजे पुढच्या सरचिटणीसाच्या मर्जीवर लटकलेली वस्तू.

दुसरा रस्ता, स्वतंत्र संस्था नोंदवून मग मूळ संघटनेशी संलग्न व्हायचं. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली निदान ७ जण लागतात, आणि आपल्याकडे त्याच्याबरोबर सहसा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही येतो, म्हणजे धर्मादाय कार्यालय. तुमचा पॅन, तुमचं खातं, तुमचं ऑडिट, आणि डोकेदुखीसुद्धा तुमचीच. त्यातली सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे चेंज रिपोर्ट. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत तो धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा असतो, आणि हे काम कोणीही करत नाही.

इथे माझी गोष्ट सांगते. नव्वदच्या दशकात आम्ही काही जणांनी अशीच एक संस्था काढली होती. उद्घाटनाला हॉल भरला, पेढे वाटले, दोन वर्षं छान चाललं. निवडणूक होऊन नवी कार्यकारिणी आली, चेंज रिपोर्ट द्यायचं सचिवांनी खजिनदारांवर आणि खजिनदारांनी सचिवांवर सोडलं. पुढच्या निवडणुकीतही तेच. मग कधीतरी बँकेत सही बदलायला गेलो तर ते म्हणाले धर्मादायच्या रेकॉर्डला जी नावं आहेत त्यांच्या सह्या आणा. त्यातले एक गृहस्थ वारलेले, एक मुलाकडे परदेशी, आणि तिसऱ्या बाईंचं आणि आमचं बोलणंच बंद. सगळी शिल्लक खात्यात तशीच पडून राहिली आणि आम्ही कार्यक्रमाच्या चहाचे पैसे खिशातून देत होतो.

म्हणून माझा सल्ला अगदी उघड आहे, पहिली तीन वर्षं पहिल्याच रस्त्याने जा, साधी शाखा काढा, नोंदणीच्या मागे लागू नका. तीन वर्षांत दर वर्षी सर्वसाधारण सभा झाली, इतिवृत्त लिहिलं गेलं, हिशेब वेळेवर गेला, तर मग स्वतंत्र नोंदणीचा विचार करा. जे साधं इतिवृत्त लिहू शकत नाहीत ते चेंज रिपोर्ट काय भरणार?

आणि अध्यक्षाची कुरबुर, त्याला उपाय म्हणजे अध्यक्ष आत्ता निवडूच नका. एक निमंत्रक, दोन सहनिमंत्रक, एक खजिनदार अशी हंगामी समिती करा, मुदत एक वर्ष, आणि हंगामी समितीतल्या कोणी पहिल्या निवडणुकीत अध्यक्षपदाला उभं राहायचं नाही असं पहिल्याच ठरावात लिहून टाका. ज्यांना नुसतं पद हवं होतं ते आपोआप बाजूला होतात. हे मी चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत करून बघितलंय, तिथे चाललं तर कुठेही चालेल.

एक राहिलं. नावात 'पुनर्वसन' शब्द घालताना पुढचा शब्द 'समुपदेशक' ठळक ठेवा. आम्ही आमच्या संस्थेचे कागद घेऊन गेलो होतो तेव्हा टेबलावरच्या साहेबांनी विचारलं होतं, कुठल्या धरणाचे? पुणेकराला पुनर्वसन म्हटलं की १९६१ चं पानशेत आठवतं, पूरग्रस्तांच्या वसाहती आठवतात, नव्या पिढीला झोपडपट्टी पुनर्वसनाचे टॉवर आठवतात, आणि रिहॅब म्हटलं की दारू सोडवण्याचं केंद्र. आपलं काम या तिन्हीत नाही हे बोर्डावरूनच कळायला पाहिजे. आणि सरकारी वाटेल असं नाव किंवा तसलं चिन्ह घेऊ नका, त्याला १९५० चा बोधचिन्हं आणि नावांचा कायदा आडवा येतो.

प्रश्न : मॅडम, मी लातूर भागात काम करतो. महाराष्ट्र चॅप्टर म्हणून पुण्याच्या लोकांनी ग्रुप काढलाय, त्यात आम्हाला नंतर अॅड केलं आणि तोवर समिती ठरून गेली होती. मीटिंग पुण्यात, रविवारी सकाळी १० ला. म्हणजे आम्ही शनिवारी रात्रीच निघायचं. हे महाराष्ट्राचं चॅप्टर आहे का पुण्याचं?

पुण्याचं. तुमचं बरोबर आहे, आणि मी पुण्याची असून सांगते.

वरच्या कोथरूडच्या ताईंनी पण हे उत्तर वाचावं. त्या ११ जणांत एकही जण पुणे जिल्ह्याबाहेरचा नाही, आणि नाव मात्र महाराष्ट्र. राज्यात ३६ जिल्हे आहेत. २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या दिव्यांग व्यक्ती २९ लाख ६३ हजारांवर होत्या, तीही तेव्हाच्या जुन्या व्याख्येने. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ चे २१ केले, म्हणजे आज मोजलं तर आकडा कुठे जाईल विचार करा. ही सगळी माणसं काही कर्वे रोड आणि बाणेरच्या मध्ये राहत नाहीत.

पुण्यात हे काम का साठलंय त्याला कारणं आहेत म्हणा. खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, पहिल्या महायुद्धातल्या जखमी जवानांना धंदेशिक्षण द्यायला १९१७ मध्ये मुंबईत निघालेली आणि पुढे इथे आलेली, वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, परत खडकीतच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ चं. अंधशाळा १९३४ ची. शंभर वर्षांची पुण्याई आहे, त्यामुळे इथल्या लोकांना वाटतं की विषय आपलाच. पण पुण्यात माणूस नोकरीला लावायला कंपनी शोधावी लागते, तुमच्याकडे शेतमजुराचा हात गेला तर कंपनीच नाही, तिथे शेळ्या, किराणा, पिठाची गिरणी, बँकेचं कर्ज असा विचार करावा लागतो. ते समुपदेशन इथल्या लोकांना येत नाही. तुम्ही त्यांना शिकवायचं आहे, हे लक्षात ठेवा आणि मागणी करताना आवाज खाली ठेवू नका.

मागणी काय करायची ते लिहून देते. महसूल विभाग ६ आहेत, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. कार्यकारिणीत प्रत्येक विभागाची निदान एक जागा राखीव, आणि ती त्या विभागातल्याच सभासदांनी निवडायची, पुण्यात बसून नेमायची नाही. पत्ता पुण्याचा राहू दे, आयुक्तालय इथे आहे त्यामुळे कोणाला तरी चकरा माराव्याच लागणार, पण मग पहिला अध्यक्ष पुणे विभागाबाहेरचा. वार्षिक सभा फिरती. बाकीच्या मीटिंग ऑनलाइन, आणि ऑनलाइन हजेरी गणपूर्तीत धरायची हे नियमावलीत स्पष्ट लिहायचं, नाहीतर ऐनवेळी कोणीतरी उठून म्हणणार की स्क्रीनवरचे मोजायचे नाहीत.

आमच्या टिळक रोडवरची साहित्य परिषद १९०६ ची, तिच्याही गावोगाव शाखा आहेत आणि पुणेकरांची मक्तेदारी हा विषय तिथेही अधूनमधून निघतोच. शंभर वर्षांच्या संस्थेचं हे दुखणं, तुमची तर अजून जन्मायची आहे. जन्माआधीच भांडलेलं बरं.

ते नाहीच म्हणाले तर सरळ दिल्लीला लिहा, प्रत कोथरूडला.

प्रश्न : वर्गणी कशी ठेवावी? आजीव सभासद करून एकदाच मोठी रक्कम घ्यावी असं काहींचं म्हणणं आहे. आणि देणगीदारांना ८०जीची, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती देता येईल का? — खजिनदार व्हायला तयार असलेला एकमेव माणूस, पिंपरी

तुमची सही वाचून बरं वाटलं, असा माणूस जपून ठेवायला पाहिजे.

आजीव सभासदत्वाच्या मी विरोधात आहे. पहिल्या वर्षी खातं गच्च भरतं आणि पाचव्या वर्षी सभासद ३००, सभेला ९, वर्गणी शून्य. वार्षिक ठेवा, कमी ठेवा, पण दर वर्षी मागायला जा, मागायला गेलात की माणूस अजून या धंद्यात आहे का तेही कळतं. मूळ संघटना आणि शाखेचा वाटा मान्यतेच्या पत्रातच आकड्याने लिहून घ्या. समजा वर्गणी १००० आहे, तर त्यातले शाखेला किती आणि किती दिवसांत परत येणार. 'योग्य तो हिस्सा' असं लिहिलं असेल तर सही करू नका.

८०जीचं असं आहे की साध्या शाखेला स्वतःची पावती देताच येत नाही, मूळ संघटनेकडे ती मान्यता असेल तर पावती त्यांचीच आणि पैसे त्यांच्याच हिशेबात. स्वतंत्र संस्था असेल तरी जी संघटना फक्त स्वतःच्या सभासदांच्या भल्यासाठी आहे ती आयकरवाल्यांना धर्मादाय आहे हे पटवणं अवघड जातं. शाखेच्या उद्देशांत लोकांसाठीचं काम खरोखर असेल तर गोष्ट वेगळी. सीएला आधी भेटा, पावती पुस्तक नंतर छापा.

प्रश्न : मी अमेरिकेत काही वर्षं होते, तिथे काउन्सेलर्सच्या राज्यवार संघटना बघितल्या. तसंच मॉडेल इथे का उचलू नये? आणि व्यसनमुक्तीवाले काउन्सेलर पण आत घ्यावेत का? — औंध

उचला, पण कुठला भाग उचलताय ते बघून. तिथे राज्यवार रचना जमते कारण कामच राज्यवार चालतं, पैसा बराचसा केंद्राचा आणि व्होकेशनल रिहॅबिलिटेशनची, म्हणजे दिव्यांगांना कामधंद्याला लावण्याची, एजन्सी राज्याची, ही पद्धत १९२० च्या कायद्यापासूनची. काउन्सेलर त्या एजन्सीत नोकरीला, म्हणून राज्याच्या संघटनेला तयार सभासद मिळतात. आपल्याकडे तसं खातं नाही, आपली माणसं विखुरलेली, कोणी शाळेत, कोणी हॉस्पिटलमध्ये, कोणी ट्रस्टमध्ये, कोणी घरूनच.

आणि त्यांची एक चूकपण बघून ठेवा. १९५८ या एकाच साली तिथे या एकाच व्यवसायाच्या दोन संघटना निघाल्या, एक समुपदेशनाच्या मोठ्या संघटनेच्या छत्रीखाली, दुसरी पुनर्वसनाच्या. आपण आधी काउन्सेलर का आधी रिहॅबवाले, हा वाद. पुढे कितीतरी वर्षं तीच माणसं दोन्हीकडे. सर्टिफिकेटचं काम मात्र १९७४ मध्ये तिसऱ्याच, स्वतंत्र कमिशनकडे गेलं, आणि ते मला शहाणपणाचं वाटतं, संघटनेने स्वतःच्या सभासदांना स्वतःच पास करू नये. आपल्याकडे तो भाग आरसीआय बघते, तेव्हा चॅप्टरने 'प्रमाणित समुपदेशक' वगैरे सर्टिफिकेटं वाटायच्या फंदात अजिबात पडू नये. त्यापेक्षा सीआरईचे, म्हणजे नोंदणी झालेल्यांच्या पुढच्या शिक्षणाचे, कार्यक्रम घ्या. नोंदणीच्या नूतनीकरणाला ते पॉइंट लागतातच, आणि धुळ्याच्या किंवा चंद्रपूरच्या माणसाला त्यासाठी पुण्या-मुंबईला यावं लागतं, राहायचा खर्च, रजा, सगळं आलं. आरसीआयची रीतसर मंजुरी घेऊन वर्षातून दोन कार्यक्रम विदर्भ-मराठवाड्यात झाले तर सभासद गोळा करायला फिरावं लागणार नाही. सगळ्या प्रश्नांत मला हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो खरं म्हणजे, लेटरहेडपेक्षा कितीतरी.

व्यसनमुक्तीचं. ते काम मोठं आहे, मुक्तांगण आपल्याच गावात १९८६ पासून आहे, तेव्हा पुण्यात कोणाला पटवून द्यायची गरज नाही. पण व्यसन हा २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत नाही. मानसिक आजार हा प्रकार त्यात आहे, व्यसन नाही. त्यामुळे ज्यांची आरसीआय नोंदणी आहे ते मतदानाचा हक्क असलेले सभासद, आणि बाकीचे सहयोगी सभासद, चर्चेला या, शिका, शिकवा, मत नाही. काही जण रागावतील. पण १९९२ च्या कायद्याचं कलम १३ नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं (दंडाचा आकडा बघा, आता त्यात दोन माणसांचं हॉटेलचं जेवणसुद्धा होत नाही). नोंदणी नसलेल्याला पूर्ण सभासद करून तुम्ही त्याच्या हातात आमच्या संघटनेचं कार्ड दिलंत, तर तो ते कार्ड भिंतीवर लावणार आणि समोरच्या आईबापांना तो नोंदणीकृतच वाटणार.

प्रश्न : माझा मुलगा २३ वर्षांचा आहे, सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. विशेष शाळा संपली आणि आता घरीच असतो. एका ठिकाणी रिहॅब काउन्सेलर म्हणून बोर्ड होता, तिथे सहा महिने गेलो, दर वेळी ८०० रुपये, आणि तो नुसता गप्पा मारायचा. यांची संघटना निघते आहे असं ऐकलं. आम्हाला त्याचा काही उपयोग? — सिंहगड रोडवरची एक आई

ताई, तुमचं पत्र मुद्दाम शेवटी ठेवलं, वरच्या सगळ्यांनी इथपर्यंत वाचावं म्हणून.

पहिल्यांदा, त्या माणसाचा सीआरआर नंबर विचारलात का? आरसीआयकडे नोंद असलेल्या प्रत्येकाला तो असतो आणि त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. विचारायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे, पण खरा नोंदणीकृत माणूस चिडत नाही, उलट फाइल काढून दाखवतो.

दुसरं, सहा महिन्यांत काय व्हायला हवं होतं ते सांगते. मुलाला काय जमतं, किती वेळ एका जागी बसतो, पैसे मोजतो का, एकटा बसने जातो का, कशात रमतो, हे बघून लिहून काढायला हवं होतं. मग एखादं काम डोळ्यासमोर ठेवून त्या कामाचे तुकडे पाडायचे, पॅकिंग असेल, बेकरी असेल, ऑफिसात झेरॉक्स असेल, आणि त्या जागेवर जाऊन मालकाशी बोलायचं. निदान दोन ठिकाणी त्याला नेऊन बघायचं. आणि तुमच्याशी यूडीआयडी कार्डाबद्दल (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र), सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाबद्दल (त्यातला १ टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार वगैरे गटाला आहे), आणि १८ नंतरच्या कायदेशीर पालकत्वाबद्दल बोलायचं. ते पालकत्व १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मिळतं, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती देते. त्याच न्यासाची निरामय आरोग्य विम्याची योजना आहे, १ लाखापर्यंतची. यातलं एकही तुमच्या कानावर घातलं गेलं नसेल तर ते समुपदेशन नव्हतं, गप्पाच होत्या.

संघटनेचा उपयोग? आज नाही. पण शाखा निघाली तर तुम्ही तिच्याकडे दोनच गोष्टी मागा, जिल्हावार नोंदणीकृत समुपदेशकांची यादी, फोन नंबरसकट, मराठीत. आणि तक्रार आली तर ऐकून घेणारी तीन माणसांची समिती, ज्यात एक पालक असेल. कोथरूडच्या ताईंना मी हे पत्र पाठवते आहे, तुमचं नाव काढून. ग्रुपवर टाकलं का नाही ते विचारून पुढच्या अंकात कळवते.

तोवर मुलाला घेऊन विशेष शाळेतल्या त्याच्या जुन्या बाईंना भेटून या, त्याला काय जमतं ते त्यांना नक्की माहीत असणार, आणि जाताना एक वही न्या, त्या जे सांगतील ते लिहून घ्यायला.